आरएक्स १३५ चं डर्ट इंजिन चढावर तापतंय : हेडला पाणी द्यावं का?

काळी_माती
नमस्कार मंडळी. यामाहा आरएक्स १३५ या टू-स्ट्रोक बाइकचं पाच गिअरचं इंजिन डर्ट (कच्च्या वाटेच्या) फ्रेममध्ये बसवलेलं आहे. वापर शेतातल्या ट्रॅकवर आणि इंदूरजवळच्या सिमरोलकडच्या खाजगी जमिनीतल्या चढांवर, रस्त्यावर नाही. पिस्टन कास्ट, पहिला ओव्हरसाइज, म्हणजे ५८.२५. कार्ब (कार्ब्युरेटर) २६ मिमीचा फ्लॅट स्लाइड. एक्झॉस्ट पोर्ट (बॅरलमधलं, जळलेला वायू बाहेर जायचं भोक) वर घासलेला, बॅरलखाली दोन गॅस्केट, हेड थोडं घासलेलं, एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकची फुगीर एक्झॉस्ट नळी) तयार मिळतो तो.

लक्षणं : दुसऱ्या गिअरात पूर्ण थ्रॉटलवर तीन-चार मिनिटं ओढलं की दम जातो, खडखड येते, आणि किल स्विच दाबल्यावरही इंजिन दोन-चार फेरे मारतं. पिस्टन दोनदा घासला, दोन्ही वेळा एक्झॉस्टच्या बाजूला. लेथवर पाण्याचं हेड करून आर१५ चा रेडिएटर लावला तर मे महिन्यात टिकेल का?

खरादवाला
हेड करून देणारे इंदूरात पुष्कळ मिळतील. पण 'थोडं घासलं' हे माप नाही, भिया. आधी एवढे आकडे टाका : स्क्विश (पिस्टन सगळ्यांत वर असताना त्याची कड आणि हेड यांतली फट), हेडचं सीसी (त्या वेळी पिस्टनवर उरणारी जागा), दोन्ही पोर्ट (एक्झॉस्ट आणि ताजं मिश्रण वर आणणारा ट्रान्सफर) टीडीसीपासून (पिस्टनच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून) किती खाली उघडतात, टायमिंग (स्पार्क कधी पडतो), चेंबरची लांबी, हेडर (पोर्टला लागणारी पहिली नळी) आणि शेवटच्या नळीचा आतला व्यास.

स्क्विश मोजायला २ मिमी जाडीची सोल्डरिंगची कथलाची तार घ्या. दोन तुकडे, पिस्टन पिनच्या रेषेत, डाव्या आणि उजव्या टोकाला ग्रीसने चिकटवा. पुढे-मागे ठेवू नका, पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. हेड पूर्ण टॉर्कने कसा, किक हाताने एकदा फिरवा, तारेचं चपटं टोक व्हर्निअरने मोजा. दोन्ही टोकांत ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर क्रँक किंवा बॅरलचं बूड तिरकं आहे.

सीसी मोजायला पिस्टन टीडीसीवर ठेवा, कडेला ग्रीसची पातळ रेघ, हेड कसा. इंजिन तिरपं करून प्लगचं भोक सगळ्यांत वर आणा. १० मिलीच्या सिरिंजने पातळ तेल भरा, प्लगच्या सगळ्यांत खालच्या आट्यापर्यंतच. वरपर्यंत भराल तर दीड-दोन सीसी फुकट मोजाल.

काळी_माती
मोजलं. स्क्विश दोन्ही बाजूंना १.६. सीसी ११.०. एक्झॉस्ट २५.५ मिमीवर उघडतो, ट्रान्सफर ३८.५ वर. टायमिंग डायल गेजने टीडीसीआधी २.२५ मिमी. चेंबर पोर्टपासून मागच्या कोनाच्या मध्यापर्यंत ८१५ मिमी. हेडर आतून ३६, शेवटची नळी आतून १८. बॅरलखालचं प्रत्येक गॅस्केट अर्ध्या मिमीचं.

पिस्टनपंत
वा, आता बोलता येईल. या आकड्यांत तापण्याची निदान चार कारणं बसलेली आहेत आणि त्यांतलं एकही रेडिएटर नसणं हे नाही.

पहिलं कॉम्प्रेशन. ५८.२५ बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ५० स्ट्रोकला (पिस्टनची धाव) १३३ सीसी. १३३ अधिक ११, भागिले ११, म्हणजे १३.१ ला १. हवेवर थंड होणाऱ्या बॅरलला पंपावरच्या साध्या पेट्रोलवर हे जास्त आहे. साडेअकरा ते बारा पुरे, म्हणजे हेडचं सीसी सुमारे १२.५.

दुसरं स्क्विश, आणि लोक नेमकं इथेच उलटं करतात. कॉम्प्रेशन कमी करायचं म्हणून फट वाढवतात. फट १.६ असली की कडेला अडकलेलं मिश्रण धड मध्ये ढकललंही जात नाही आणि धातूला लागून थंडही राहत नाही. ज्वाला पोचायच्या आत ते आपोआप पेटतं, तीच तुमची खडखड. या बोअरला १.० ते १.२ हवं. १ च्या खाली जाऊ नका. आरपीएम वाढला की रॉड ताणला जातो आणि बेअरिंगची ढिलाई भरून निघते, पिस्टन हेडला टेकतो.

म्हणजे फट कमी आणि हेडमधली ज्वलनाची वाटी मोठी, दोन्ही एकदम. बॅरलखालचं एक गॅस्केट काढा, स्क्विश १.१ वर आलं. पण त्या अर्ध्या मिमीने १.३ सीसी गेलं, उरलं ९.७. मधली वाटी २.८ सीसीने उघडावी लागेल. स्क्विशची कड क्षेत्रफळाच्या निम्मी ठेवली तर वाटीचा व्यास सुमारे ४१, आणि ती २.१ मिमी खोल करावी लागेल. कापण्याआधी हेडची जाडी तपासा, नाहीतर प्लगच्या बुडाशी पापुद्रा उरेल.

डिग्री_व्हील
पोर्टचा हिशेब मी करतो. कनेक्टिंग रॉड मध्य ते मध्य १०० मिमी धरलाय. तुमचा वेगळा असेल तर अंशात थोडा फरक पडेल.

२५.५ म्हणजे एक्झॉस्ट १९२ अंश उघडा. ३८.५ म्हणजे ट्रान्सफर १२८. गॅस्केट काढल्यावर २६.० आणि ३९.०, म्हणजे १९० आणि १२५. ब्लोडाऊन (एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतचं अंतर) साडेबत्तीस अंश, ठीक आहे. लक्षात ठेवायला सोपं : या इंजिनात एक्झॉस्टची वरची कड १ मिमी हलली की साडेचार अंश, ट्रान्सफरची १ मिमी हलली की सहा अंश.

१९० हे वरच्या आरपीएमचं माप आहे, चढावर ओढायचं नाही. त्यासाठी १८२ ते १८६ लागतं. पण लोखंडी लायनरमधून घासलेलं परत भरता येत नाही, त्यामुळे आहे त्यावर चालवा आणि मागचं स्प्रॉकेट चार-पाच दाते मोठं लावा. चेंबरचा जोर लागतो त्या आरपीएमच्या खाली पूर्ण थ्रॉटल उघडून इंजिन कण्हत ठेवू नका, खडखड सर्वांत जास्त तिथे होते.

आता चेंबर. लांबी मिमीमध्ये = एक्झॉस्टचे अंश × ४२५४५ ÷ आरपीएम. १९० अंश आणि ८१५ मिमी घातले तर उत्तर येतं ९९००. चढावर तुम्ही सहा-सात हजारावर असाल. म्हणजे परतीची लाट पोर्टपाशी फार लवकर येते, ट्रान्सफर अजून भरत असतानाच, आणि ताजं मिश्रण उलटं ढकलते. हेडरमध्ये, पोर्टच्या टोकाजवळ, ३६ चीच ७५ मिमी सरळ नळी जोडली की लांबी ८९० होते आणि गणित ९१०० वर येतं. त्याहून लांब करू नका, कोनांची प्रमाणं बिघडतात.

खरादवाला
शेवटच्या नळीवर कोणीच बोललं नाही! १८ मिमी? ३६ च्या हेडरला ०.५८ ते ०.६२ पट, म्हणजे २१ ते २२ हवी. अरुंद नळीमुळे चेंबरमधला दाब वाढतो, जळलेला गरम वायू बॅरलमध्ये राहतो, पिस्टनचं डोकं भाजतं. एक्झॉस्टच्या बाजूने घासणं इथूनही येतं. मफलरची काचलोकर तेलाने थबथबली असली तरी तोच परिणाम. नळी २१.५ करा. एकदम २४ केली तर थंड राहील पण ताकद गायब.

पोर्ट घासला तेव्हा कडा मारल्या होत्या का? लोखंडी लायनरला वर-खाली सुमारे १ मिमी आणि बाजूंनी अर्धा मिमी गोलाई द्यायची, पॉलिश पेपरने संपवायची. न दिल्यास रिंग अडकते. पोर्टची रुंदी सरळ रेषेत मोजून ३८ पर्यंत ठेवा, बोअरच्या ६५ टक्के. कास्ट रिंगला त्यापुढे रुंद पोर्ट मानवत नाही.

महूकर
पेट्रोलमधलं टू-टी तेल वाढवा. २० ला १ करा (२० भाग पेट्रोल, १ भाग तेल), इंजिन कधी पकडणार नाही, म्हणजे जाम होणार नाही.

पिस्टनपंत
महूकर, हा सल्ला तीस वर्षं फिरतोय. २० ला १ मध्ये जेटमधून (कार्बमधलं पेट्रोल मोजणारं बारीक भोक) जाणाऱ्या द्रवात तेल ४.८ टक्के, ४० ला १ मध्ये २.४. जेट तेच ठेवलं तर तेल वाढवल्यावर पेट्रोल कमी जातं, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. शिवाय जास्त तेलाने ऑक्टेन (पेट्रोलची खडखड न होऊ द्यायची ताकद) उतरतो. कोणतंही एक प्रमाण धरा आणि त्यावरच जेट बसवा. चांगल्या सिंथेटिक तेलाला ३२ ला १ योग्य : ५ लिटरला १५६ मिली. माप घेऊन ओता, बाटलीच्या झाकणाने नको. ऑइल पंप काढला असेल तर त्याचं भोक बुजवलंय ना, तेही बघा.

टायमिंग राहिलं. २.२५ मिमी म्हणजे २२ अंश. १.५२ वर आणा, १८ अंश होईल. स्पार्क लवकर पडला की उष्णता पिस्टन आणि हेडमध्ये जाते, उशिरा पडला की चेंबरमध्ये. आपल्याला ती चेंबरमध्ये हवी आहे. प्लग एक नंबर थंड. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तो थंड. पण थंड प्लगने खडखड बरी होत नाही, फक्त प्लगचं टोक लाल होऊन मिश्रण पेटवायचं थांबतं. किल स्विचनंतरचे फेरे कदाचित त्यानेच जातील.

रेडिएटरताई
पाण्याचा प्रश्न विचारलाय तर त्याचंही नीट उत्तर असावं, 'नको' म्हणून सोडू नये.

तीन वाटा आहेत. एक, बॅरलचे फिन (हवेने थंड करणाऱ्या पात्या) कापून त्यावर ३-४ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा टिगने वेल्ड करून जॅकेट. हे फक्त बोअर करायच्या आधी. वेल्डच्या उष्णतेने अॅल्युमिनियम ओढलं जातं आणि आतलं लोखंडी लायनर अंडाकृती होतं किंवा ढिलं पडतं. अॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ढिलं लायनर तापल्यावर आणखी सुटतं, आणि सुटलं की उष्णता बाहेर जायचा रस्ताच बंद. दोन, मुळात पाण्याचं इंजिन घेणं. तीन, तुम्ही म्हणता ते फक्त हेड.

फक्त हेड केलं तर काय मिळतं? खडखडीला चांगला फरक पडतो, कारण ज्वलनाची वाटी थंड राहते. पण एक्झॉस्ट पोर्टभोवतीचा भाग बॅरलमध्ये आहे, तो तसाच तापणार. तुमचा पिस्टन घासतोय तिथेच. म्हणून पंतांचे बदल आधी, आणि त्यानंतरही गरज वाटली तर हेड.

तरी करायचंच तर : ६०८२ किंवा ६०६१ चा गोळा, वाटीवर किमान ७ मिमी धातू, दोन ओ-रिंग व्हिटॉनच्या. साधं काळं रबर इथे टिकत नाही. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत व्हिटॉन नावाने मागा आणि खोबण रिंगच्या जाडीच्या पाऊणपट खोल ठेवा. पाणी एक्झॉस्टच्या बाजूने आत, वरच्या सर्वांत उंच बिंदूतून बाहेर. बाहेरची नळी खाली असली की वर हवेचा बुडबुडा बसतो आणि प्लगच्या भोवती नेमकं कोरडं राहतं.

हिशेब असा धरा : रेडिएटरला ६ किलोवॅट टाकायचे आहेत आणि पंप मिनिटाला १० लिटर देतो. पाणी साधारण ९ अंशांनी तापून परत येईल. पंप ३ लिटरच देत असेल तर २९ अंशांनी. स्वस्त विजेचे पंप कागदावर १२ लिटर सांगतात, आणि १० मिमीच्या नळीतून ४ देतात. नळी १६ ची घ्या. मॅग्नेटची लाइटिंग कॉइल एसी देते, रेक्टिफायर-रेग्युलेटर आणि छोटी बॅटरी लागेल. पंप मध्येच बंद पडला तर पाण्याचं हेड फिनच्या हेडपेक्षा लवकर मारतं, हे विसरू नका.

कूलंट ५०:५० कशाला? इंदूरात पाणी गोठत नाही. ग्लायकॉल जितकं जास्त तितकी उष्णता वाहून न्यायची ताकद कमी. ३० भाग सिलिकेट नसलेलं कूलंट, ७० भाग डिस्टिल्ड पाणी, गंजाला तेवढं पुरतं. बोअरवेलचं पाणी कदापि नको, क्षार आत थर धरतात. झाकण १.१ बारचं. चालताना पाणी ५५ ते ६५ अंशांत असेल तर टू-स्ट्रोक खुश. ८५ च्या पुढे क्रँककेस तापून ताकद उतरते, उकळत नसलं तरी.

काळी_माती
ताई, मग सध्या फिनवरच राहतो. एक शंका, चिखलाने किती फरक पडतो? पावसाळ्यात आपली काळी माती फिनमध्ये भरते.

रेडिएटरताई
पुष्कळ. माळव्याची माती चिकण, वाळली की फिनवर विटेसारखी बसते. त्यात गळकं तेल मिसळलं की ती रजईच. फिन असो की रेडिएटर, ओली असतानाच बांबूच्या कामटीने काढा. स्क्रू-ड्रायव्हरने फिन तुटतात आणि प्रेशर वॉशरने रेडिएटरच्या जाळीच्या पापण्या आडव्या होतात. पुढची नंबर प्लेट नेमकी हेडसमोर येत असेल तर वर सरकवा. फिनला जाड चकचकीत रंग असेल तर उतरवा, मॅट काळ्याचा एक पातळ हात बस्स.

डिग्री_व्हील
जेट आणि हवामान. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. मे महिन्याच्या ४२ डिग्रीत हवा समुद्रकाठच्या २० डिग्रीपेक्षा १३ टक्के पातळ. त्यावर जेट बसवलं आणि डिसेंबरच्या सकाळी ८ डिग्रीत तेच घेऊन निघालात तर हवा १२ टक्के दाट मिळते, पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे कित्येक इंजिनं उन्हाळ्यात नाही, थंडीत पकडतात. मिकुनी कार्बच्या षटकोनी जेटवरचा आकडा प्रवाहाचा, म्हणून तिथे ६ टक्के वाढवा : १६० असेल तर १७०. केहिन कार्बच्या जेटचा आकडा भोकाच्या व्यासाचा, तिथे ३ टक्के पुरे. जानापावसारख्या ८०० मीटरच्या वरच्या डोंगरावर जायचं असेल तर एक जेट खाली.

आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) विसरू नका. त्याला त्याच हवेत साधारण ७ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या पेट्रोलवरचं जेट चार्ट उघडून 'बरोबर आहे' म्हणणारे इथेच फसतात. शिवाय टाकीत पाणी उतरलं की इथेनॉल त्याच्यासह तळाशी बसतं. त्या थरात टू-टी तेल विरघळत नाही, आणि कार्ब तळातूनच ओढतो. उरलेलं मिश्रण महिनाभर ठेवू नका.

खरादवाला
जेटला हात लावायच्या आधी प्रेशर टेस्ट. हे पहिल्या क्रमांकावर हवं होतं. एक्झॉस्टला रबरी बूच, मॅनिफोल्डला (कार्ब इंजिनला जोडणारा भाग) नळीचं बूच, त्यातून हातपंपाने ६ पीएसआय. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गळती. साबणाचं पाणी मॅनिफोल्डचं रबर, बॅरलचं बूड, मॅग्नेटच्या बाजूचं सील, सगळीकडे लावा. १० च्या पुढे हवा भरू नका, चांगली सीलंही उडतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर तेल पिऊन पांढरा धूर काढतं, म्हणून ते कळतं. मॅग्नेटचं सील गेलं तर नुसती हवा आत येते, काही दिसत नाही, मिश्रण लीन होतं आणि पिस्टन जातो.

काळी_माती
टेस्ट केली. दोन मिनिटांत ६ चे २. बुडबुडे मॅग्नेटच्या सीलला आणि मॅनिफोल्डच्या रबराच्या खालच्या भेगेत.

खरादवाला
मग दोन पिस्टन तिथे गेले. हेड, नळी, टायमिंग यांची चूक आहेच, पण शेवटचा धक्का या दोन गळत्यांचा.

सील बदलताना क्रँकचा शाफ्ट बघा. सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर नवं सील दीड मिमी आत-बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी येईल. मॅनिफोल्डचं रबर नवंच घ्या, सिलिकॉन फासू नका. पेट्रोलने तो फुगतो आणि तुकडे रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्यांत अडकतात. क्रँक व्ही-ब्लॉकवर ०.०३ पेक्षा जास्त थरथरत असेल तर सील पुन्हा महिन्यात जाईल. मेन बेअरिंग घेताना सी३ ढिलाईचंच मागा.

बोअर पुन्हा करायला लागला तर पोलो ग्राउंड किंवा सांवेर रोडकडच्या बोरिंगवाल्याकडे पिस्टन सोबत न्या. पिस्टनच्या स्कर्टवर, पिनच्या काटकोनात, मोजून ०.०६ ढिलाई सांगा. रस्त्याच्या गाडीला ०.०४-०.०५ चालतं, चढावर ते आवळतं. रिंगची फट ०.२५. होनिंगच्या रेघा तिरप्या दिसल्या पाहिजेत, नुसता आरसा केला तर तेल थांबणार नाही. नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. रॉकेलने घासपूड निघत नाही.

पिस्टनपंत
जुळवल्यावर पहिली टाकी : पाच मिनिटं हळू, पूर्ण थंड, पुन्हा पाच मिनिटं, असं चार वेळा. मग हेडचे नट थंड असताना पुन्हा टॉर्कला. मेन जेट मुद्दाम दोन आकडे मोठं ठेवून सुरू करा, इंजिन वर घोगरं वाजेल. एकेक आकडा खाली या. प्रत्येक वेळी सपाटीवर तिसऱ्या गिअरात पूर्ण थ्रॉटल, क्लच दाबून तिथेच किल, प्लग काढून पोर्सेलिनच्या बुडाशी असलेलं कडं बघा. टोकाचा रंग ई२० वर फसवतो. पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे चमकते ठिपके दिसले तर तो पिस्टनचा अॅल्युमिनियम, तिथून लगेच मागे फिरा.

प्लगखाली के टाइप थर्मोकपलचं वॉशर मिळतं. चढावर २०० च्या आत राहिलं तर ठीक, २२० ला थ्रॉटल सोडा. आणि उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गिअरने ब्रेक लावू नका, आरपीएम वर आणि तेल शून्य; क्लच दाबा, मधूनमधून थ्रॉटलला एक पीळ द्या.

महूकर
३२ ला १ मान्य. पण ते वॉशर प्लगच्या जुन्या वॉशरच्या वर लावायचं की त्याच्या जागी?

पिस्टनपंत
त्याच्या जागी. दोन्ही ठेवले तर प्लग जवळपास दीड मिमी वर राहतो, खालचे आटे उघडे पडतात, त्यांच्या कडा लाल होतात, आणि पुन्हा किल स्विचनंतरचे फेरे सुरू.